ठाण्याहून महाबळेश्वर, मे महिन्यात, सगळं घर घेऊन: गाडीने जायचं तर

उन्हातून सुटका म्हणून निघालेलं कुटुंब दिवसातले सगळ्यात तापलेले तास घाटातल्या रांगेत काढतं, हे दर मे महिन्यात दिसतं. शनिवारी दुपारी बारा-एकच्या सुमारास खंडाळ्याच्या चढावर बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या बघा. मुलं रडवेली, आजोबा रुमालाने वारा घेतायत आणि गाडीचा मालक रेडिएटरकडे हताश बघतोय. यातल्या बऱ्याच जणांची गाडी चांगली असते, हॉटेलही चांगलं असतं. चुकलेली असते ती वेळ. म्हणून या लेखात सांगितलेलं सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं: ऊन चढायच्या आत आपण घाट चढायचा.

नाव नको, उंची बघा

समुद्रसपाटीपासून जसजसं वर जावं तसा पारा दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतो. ठाणे आणि नवी मुंबई खाडीच्या काठावर, जवळपास समुद्रसपाटीलाच आहेत. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर, पाचगणी १,३०० च्या आसपास. म्हणजे तिथे आठ-नऊ अंशांचा फरक पडतो. लोणावळा मात्र सुमारे ६२० मीटरवरच आहे आणि समुद्रापासून आत आहे. ठाण्याला दुपारनंतर खारे वारे थोडा दिलासा देतात, तो लोणावळ्याला मिळत नाही. त्यामुळे मे महिन्यात भर दुपारी लोणावळ्याचा पारा ठाण्याच्या बरोबरीला येतो. रात्र छान जाते आणि घाम कमी येतो हे खरं, पण दुपारी खोलीतच बसावं लागतं. भंडारदरा साडेसातशे मीटरच्या आसपास, इगतपुरी त्याहून खाली. तिथलं गणितही असंच.

माथेरान ८०० मीटरवर आहे, पण तिथे दाट झाडी आहे आणि दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी गाड्यांना बंदी आहे. धूर नाही, हॉर्न नाही. दोन-तीन वर्षांचं मूल असेल आणि लांबचा प्रवास नको असेल तर माझं मत माथेरानच्या बाजूने पडतं. फक्त गाडी दस्तुरीला लावून पुढे अमन लॉज स्थानकाहून छोट्या रेल्वेची शटल गाडी, ई-रिक्षा, घोडा किंवा पायी असं जावं लागतं, आणि सामान हमालाकडे द्यावं लागतं. तेव्हा चाकांच्या मोठ्या बॅगा नकोत, पाठीवरच्या घ्या. सुट्टीच्या दिवशी दस्तुरीचा वाहनतळ सकाळीच भरतो आणि मग खाली नेरळपर्यंतच्या घाटात रांग लागते.

तीन-चार रात्री हातात असतील आणि घरातल्या सगळ्यांना खरोखर गारवा हवा असेल तर पाचगणी-महाबळेश्वर. पुढचं सगळं त्या रस्त्याबद्दल आहे, पण गाडीची आणि डब्याची तयारी कुठेही जाताना उपयोगी पडेल.

तारीख

सोमवारी जा, गुरुवारी या. रजा मिळत नसेल तर एक दिवस कमी करा, पण शुक्रवार रात्र ते रविवार रात्र हा पट्टा टाळा. १ मे शनिवार-रविवारला जोडून येत असेल तर त्या दिवसांत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या वाटेलाच जाऊ नका. राज्य मंडळाच्या शाळांचे निकाल लागले की पहिला लोंढा निघतो. मेचा दुसरा-तिसरा आठवडा, आठवड्याच्या मधले दिवस, हा त्यातल्या त्यात बरा काळ.

मेच्या शेवटी सरकत गेलात तर वळीव लक्षात घ्या. संध्याकाळी ढग भरून येतात, गारा पडतात आणि घाटात धुकं उतरतं. २०२५ साली तर मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला होता. वायपर आणि हेडलाइट उन्हाळ्याच्या सहलीतही तपासायचे ते यासाठी.

खोली घेताना विचारायच्या गोष्टी

वर बऱ्याच जागी एसी नसतो आणि लागतही नाही. त्याची चौकशी करण्यात वेळ घालवण्यापेक्षा पाण्याचं विचारा. मे महिन्यात डोंगरावर टंचाई असते, टँकर चालू असतात, आणि गरम पाणी बऱ्याच ठिकाणी सकाळी ठरावीक तासच मिळतं. गाडी हॉटेलच्या आवारात लागणार की रस्त्यावर, आजी-आजोबांची खोली तळमजल्यावर मिळेल का, वीज गेली तर पर्यायी सोय काय, खोली किती वाजता ताब्यात मिळते, हेही आधी विचारून घ्या. रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत हा प्रश्न तर आवर्जून. दरीच्या उतारावर बांधलेल्या हॉटेलांमध्ये 'तळमजला' रस्त्याच्या खाली तीन जिने असू शकतो.

पैसे भरताना सावध. हंगामात हॉटेलांच्या नावाने बनावट वेबसाइट निघतात, फोटो खरे असतात आणि यूपीआयचा नंबर भलत्याचाच असतो. सर्चमध्ये वर आलेल्या नंबरवर आगाऊ रक्कम पाठवू नका. नकाशावर हॉटेल शोधा, तिथल्या लँडलाइनवर किंवा ओळखीतून मिळालेल्या नंबरवर बोला आणि मगच द्या. एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, निवासस्थानं महाबळेश्वरला आहेत, माथेरानलाही आहेत. त्यांचं आरक्षण महामंडळाच्या स्वतःच्या वेबसाइटवरून करता येतं. खोल्या साध्या, पण जागा प्रशस्त.

गाडी: आठवडाभर आधी

गॅरेजमध्ये जाऊन 'जनरल चेकिंग करा' म्हणू नका. नेमकं सांगा. कूलंटची पातळी आणि गळती, रेडिएटरचा पंखा वेळेवर सुरू होतो का, ब्रेक पॅड किती उरलेत, बॅटरी, एसीची थंडी. उन्हाळ्यात बॅटरी लवकर मान टाकते. चार वर्षं जुनी असेल आणि सकाळी स्टार्टर कुरकुरत असेल तर वर जाऊन बंद पडण्यापेक्षा इथेच बदललेली बरी.

टायरकडे स्वतः बघा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद. हवा निघायच्या आदल्या दिवशी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याइतकी भरा. उन्हात फुटेल या भीतीने पाच-सात पौंड कमी भरणारे लोक आहेत. त्याने उलटं होतं. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि सिमेंटच्या रस्त्यावर वेगात असताना तोच फाटतो. स्टेपनीतही हवा भरा, जॅक आणि पाना आहे का बघा.

सीएनजीवाल्यांसाठी दोन गोष्टी. टाकी आदल्या रात्री उशिरा भरा, वाटेतल्या पंपांवरच्या रांगा सकाळचा सगळा फायदा खाऊन टाकतात. आणि पेट्रोलची टाकी निम्मी तरी असू द्या. भरलेली गाडी, एसी चालू आणि चढ, अशा वेळी पेट्रोलवर गेलं की इंजिनाला जोर मिळतो. सिलिंडरमुळे डिकी अर्धीच असते, हे सामान भरताना घरात जाहीर करून टाका. माणशी एक मऊ पिशवी, कडक सुटकेस एकही नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चढावर चार्ज झपाझप उतरेल, उतरताना थोडा परत मिळेल. हॉटेलमध्ये चार्जिंगची सोय आहे का हे खोली घेतानाच विचारा.

फास्टॅगमध्ये पैसे टाकून ठेवा. १ एप्रिल २०२५ पासून द्रुतगती मार्गावर फास्टॅग नसेल तर दुप्पट टोल लागतो. विमा आणि पीयूसीची तारीखही बघून घ्या.

निघायची वेळ

पहाटे चार. साडेपाच नाही, 'उठून बघू' तर नाहीच. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, थांबे धरून सहा तास. चारला निघालात तर दहाच्या सुमाराला पाचगणीत असाल. सहाला निघालात तर मात्र बाराला पोचणार नाही, दोन वाजतील. पुण्याच्या बाह्यवळणावर हिंजवडीची गर्दी मध्ये येते आणि खंबाटकीचा घाट उन्हात चढावा लागतो. खारघर-कामोठ्याच्या लोकांनी अर्धा तास जास्त झोपायला हरकत नाही.

जो गाडी चालवणार त्याने किंवा तिने आदल्या रात्री नऊला झोपायचं. सामान भरणं, गॅस बंद करणं, झाडांना पाणी, शेजाऱ्यांकडे किल्ली ही सगळी कामं इतरांची. यावर घरात वाद होणार, तो दोन दिवस आधीच उरकून घ्या. पहाटेचे हे तासच डुलकीचे असतात, त्यामुळे पुढच्या सीटवर जागं राहणारं आणि बोलणारं माणूस बसवा.

बसण्याची जागाही ठरवा. जाताना रस्ता आधी आग्नेयेला आणि पुण्यानंतर दक्षिणेला जातो, तेव्हा सकाळचं ऊन डाव्या खिडक्यांतून येतं. परतताना तोंड उत्तरेला आणि मग वायव्येला, दुपार असेल तर मावळतीचं ऊन पुन्हा डावीकडूनच. थोडक्यात, दोन्ही वेळा गाडीची डावी बाजू तापते. आजी-आजोबा ड्रायव्हरच्या मागे. मागच्या सीटवरही पट्टा लावणं बंधनकारक आहे, आणि मांडीवर बसलेलं मूल ब्रेक लागला की हातात राहत नाही. लहानग्यासाठी चाइल्ड सीट घ्या.

रस्ता

ठाणे शहरातून कळवा, विटावा, मग ठाणे-बेलापूर रस्ता धरून दिघा, ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे, आणि सायन-पनवेल महामार्गाने कळंबोली. घोडबंदरकडच्यांना खारेगाव, मुंब्रा बायपास, शिळफाटा असा सरळ रस्ता दिसतो आणि नकाशाही तोच सुचवतो. पण रात्री आणि पहाटे त्या बायपासवर कंटेनरांची माळ असते. एक कंटेनर बंद पडला की तास गेला. पहाटे ठाणे-बेलापूर रस्ता मोकळा असतो, पाच-सात किलोमीटर जास्त पडले तरी तो घ्या.

कळंबोलीपासून द्रुतगती मार्ग. सपाटीवर गाड्यांना ताशी १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे, आणि आता ठिकठिकाणी कॅमेरे आहेत. खालापूरला थांबलात तर स्वच्छतागृहापुरतं थांबा. तिथे खायला बसलात की पाऊण तास जातो आणि घाट अजून पुढेच असतो. बोरघाटात उजवी मार्गिका सोडू न पाहणारे ट्रक भेटतील, त्यांच्याशी स्पर्धा नको. वाहतुकीच्या बातम्यांत 'अमृतांजन पुलाजवळ कोंडी' असं ऐकाल. तो पूल २०२० सालीच पाडला, नाव अजून गेलेलं नाही.

पुढे बाह्यवळणाने वाकड, चांदणी चौक, नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर. न्याहारीला इथे थांबा. सात वाजत आलेले असतील, ऊन कोवळं असेल आणि भूक लागलेली असेल. मग खंबाटकी, आणि सुरूर फाट्याला महामार्ग सोडून उजवीकडे वाई.

वाईला तासभर द्या. घाटाआधी इंजिनालाही विसावा आणि पोटालाही. ढोल्या गणपती, कृष्णेचा घाट, आणि वेळ असेल तर जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. तिथल्या घाटावरची मोठी पोर्तुगीज घंटा मुलांना आवडते. खोली बहुधा दुपारीच ताब्यात मिळणार असते, त्यामुळे लवकर पोचून रिसेप्शनवर बसण्यापेक्षा वाई बरी. नऊ-सव्वानऊला निघा. पसरणी घाट बारा-तेरा किलोमीटरचा आहे, वर पाचगणी.

दुसरा रस्ता पनवेल, पेण, माणगाव, महाड, पोलादपूर आणि आंबेनळी घाट असा. अंतर कमी दिसतं म्हणून लोक तो घेतात, नवी मुंबईकर तर हमखास. वाटेत प्रतापगड लागतो ही त्याची जमेची बाजू. पण मुंबई-गोवा महामार्गावर गावागावांत खोळंबा होतो, माणगाव-महाडचा पट्टा उन्हाळ्यात भाजून काढतो, आणि पोलादपूरपासून चाळीसेक किलोमीटरमध्ये जवळपास सगळी उंची एकदम चढायची असते, वळणावर वळण. ज्यांच्या घरात कुणाला गाडी लागते त्यांनी हा रस्ता घेऊ नये. अंधार पडल्यावर तर कुणीच नाही.

घाटात गाडी कशी हाकायची

चढताना गिअर खालचा ठेवा, इंजिनाला धापा टाकायला लावू नका. तापमानाचा काटा वर सरकू लागला तर आधी एसी बंद करा. तरीही चढत असेल तर हीटर पूर्ण सुरू करून काचा खाली घ्या. उन्हाळ्यात हे वेडेपणाचं वाटेल, पण इंजिनाची उष्णता त्या वाटेनेही बाहेर पडते. तेवढ्याने भागलं नाही तर रुंद जागा बघून थांबा, इंजिन बंद करा, अर्धा तास जाऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर उडतं. 'ओला फडका टाकून हळूच उघडा' असं सांगणारा कुणीतरी भेटतोच, त्याचं ऐकू नका.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. वळणावर ओव्हरटेक नाही. मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी नाही, जागा आली की बाजूला होऊन त्याला जाऊ द्या.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, बहुतेक दुसऱ्या. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा एल मोड. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे लोक ब्रेक जाळतात. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर कमी धरतो. जळका वास आला तर थांबून वाट बघा, चाकांवर पाणी ओतू नका.

मदत लागली तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेला १०८, कुठल्याही संकटात ११२.

डबा आणि पोट

दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, लसणाची कोरडी चटणी. ओल्या नारळाची चटणी आणि दहीभात घरीच ठेवा, मेच्या गाडीत ते दुपारपर्यंत आंबतात. पन्हं आणि कोकम सरबत साखर-मीठ घालून थर्मासमध्ये. पाणी माणशी दोन लिटर तरी. लघवीला थांबावं लागेल म्हणून पाणीच न पिणाऱ्या आज्या प्रत्येक घरात असतात. त्यांना वाटेतले थांबे आधीच मोजून सांगितले की पितात. मधुमेह असेल त्यांचं खाणं घड्याळावर, घाट संपेपर्यंत थांबवून नाही. रोजच्या गोळ्या डिकीत नकोत, हाताशी ठेवा.

गाडी लागणाऱ्यांना रिकाम्या पोटीही नेऊ नका आणि मिसळ खाऊ घालूनही नाही. वाईला थोडं कोरडं खाणं, तोंडात आवळासुपारी किंवा सुंठेचा तुकडा, नजर दूर रस्त्यावर, हातातला मोबाइल बंद. गोळी द्यायची तर घाटाच्या तासभर आधी, आणि मुलांना डॉक्टरांना विचारूनच. या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने घ्यायची नाही. पिशव्या आणि ओला नॅपकिन सीटच्या खिशात ठेवा.

कुठेही थांबलात तरी मुलाला किंवा आजोबांना बंद गाडीत बसवून जाऊ नका, दोन मिनिटांसाठीही नाही. उन्हातली बंद गाडी बघता बघता भट्टी होते.

वर गेल्यावर

गावात शिरताना नगरपालिकेचा प्रवासी कर भरावा लागतो. एकदा गाडी हॉटेलात लावली की शक्य तेवढी तिथेच राहू द्या. महाबळेश्वरच्या बाजारात आणि वेण्णा तलावाच्या काठी संध्याकाळी इतकी कोंडी होते की चालत जाणारा आधी पोचतो. पॉइंट बघायचे ते सकाळी. विल्सन पॉइंट, सुमारे १,४४० मीटरवरचा, सूर्योदयाला. आर्थर सीट आठच्या आत, आणि येताना क्षेत्र महाबळेश्वर, जिथे कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. अकरा ते चार खोलीत किंवा झाडाखाली पत्ते, झोप, वाचन. वरही ऊन असतंच, हवा गार असल्यामुळे ते लागत असल्याचं कळत नाही. टोपी विसरू नका.

स्ट्रॉबेरीच्या अपेक्षेने जाऊ नका, मेमध्ये तिचा हंगाम सरत आलेला असतो. तुती आणि करवंदं मात्र मिळतात. माकडांसमोर पिशवी उघडू नका, गाडीची काच खाली ठेवून खाऊही नका. रात्रीसाठी पातळ स्वेटर घ्या, पहाटे लागतो.

परत येताना

गुरुवारी पहाटे पाचला खाली उतरा. तेवढं जमत नसेल तर दुपारचं जेवण वरच करून साडेपाचनंतर निघा, म्हणजे पसरणी उतरेपर्यंत ऊन कललेलं असतं. मधल्या वेळेत निघून पुण्याच्या बाह्यवळणावर संध्याकाळी सहाला सापडणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

येताना जपायची जागा म्हणजे कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलाकडे येणारा लांब उतार. ब्रेक तापलेले अवजड ट्रक तिथे आवरत नाहीत, आणि मोठे अपघात झालेले आहेत. वेग कमी ठेवा, ट्रकच्या पुढे किंवा दोन ट्रकांच्या मध्ये राहू नका, आरशात बघत राहा. पुढची रांग थांबलेली दिसली की लगेच इंडिकेटर लावून मागच्याला कळवा.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना कूलंटची पातळी पुन्हा बघा. उतरलेली असेल तर कुठेतरी गळतंय, पावसाळ्याआधी ते दुरुस्त करून घ्या. फास्टॅगच्या नोंदी उघडून एकाच नाक्यावर दोनदा पैसे कापले गेलेत का ते तपासा, कापले असतील तर ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडे लगेच तक्रार नोंदवा. आणि पुढच्या उन्हाळ्याची खोली फेब्रुवारीतच घ्या, होळी झाली की दर चढायला लागतात.